अण्णांचं दुकान माझ्या नावावर होताना

"ताई, एकल मालकीचा धंदा मालकाबरोबरच संपतो. कायद्याच्या हिशोबानं दुकान म्हणजे अण्णाच होते."

आमच्या सीएंनी हे सांगितलं तेव्हा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन सोळा दिवस झाले होते. जीएसटीचा नंबर वारसाच्या नावावर नुसता फिरवून का मिळत नाही, हे ते मला समजावत होते. तो नंबर पंधरा अक्षरी असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. पॅन दुसऱ्याच्या नावावर होत नाही, म्हणून नंबरही होत नाही. २०१७ च्या जुलैपासून दर महिन्याला मी तो नंबर विवरणात टाकत होते, मला तो पाठ होता. त्यात अण्णा आहेत हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

आमचं दुकान बार्शीत, भगवंताच्या देवळापासून चालत पाच मिनिटांवर. किराणा आणि भुसार. आजोबा खेड्यातून आले आणि त्यांनी इथे गादी टाकली. अण्णा १९६८ साली, सतराव्या वर्षी, गल्ल्यावर बसले. १९७९ साली आजोबा गेले तेव्हा अण्णांच्या मागे दोन धाकटे भाऊ, एक लग्नाची बहीण आणि दुकानावरचं देणं होतं. दोन्ही काकांची शिक्षणं, आत्याचं लग्न, पुढे आत्याच्या दोन्ही मुलांच्या फिया, सगळं त्या बारा बाय वीसच्या जागेतून निघालं. दादाला त्यांनी इंजिनीअर करून पुण्याला पाठवलं. मी बीकॉम केलं, सासर दोन गल्ल्या पलीकडे मिळालं, म्हणून दुपारचे दोन तास मी दुकानात बसायचे. बिलं, विवरणपत्रं, बँक माझ्याकडे. गिऱ्हाईक आणि उधारीची वही अण्णांकडे. ही वाटणी कधी ठरवली नव्हती, ती पडून गेली होती.

फेब्रुवारी २०२३ मध्ये, ऐन शाळू काढणीच्या दिवसांत, अण्णा रात्री जेवून झोपले ते सकाळी उठले नाहीत. बहात्तरावं चालू होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी दुकानाची फळी स्वतः लावली होती.

तेराव्यानंतर दादा, आई आणि मी माजघरात बसलो. दुकान चालवायचं की माल विकून टाळं लावायचं, हा प्रश्न दादानं हळूच काढला. त्याचं चूक नव्हतं. त्याला परत येणं शक्य नव्हतं आणि माझ्यावर ओझं टाकायला तो धजत नव्हता. आई काही बोलली नाही. तेवढ्यात दारात वैरागकडच्या एक आजी आल्या. अण्णा गेल्याचं त्यांना उशिरा कळलं होतं. आईजवळ बसून रडल्या आणि जाताना मला म्हणाल्या, "आता आमी कुणाकडं जायाचं गं बाई?" मी दादाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. त्यानंतर या विषयावर आमची चर्चा झाली नाही.

पहिलं काम मृत्यूच्या दाखल्याचं. नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, ती काकांनी दुसऱ्याच आठवड्यात केली होती. दाखला हातात आला तेव्हा त्यावर अण्णांचं घरात वापरायचं नाव निघालं. आधारवर एक, पॅनवर थोडं वेगळं, दाखल्यावर तिसरंच. सगळं गाव ज्यांना अण्णा म्हणायचं त्यांचं पाळण्यातलं नाव घाईत कुणाला आठवलंच नव्हतं. दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला, आधारची प्रत. शाळेचा दाखला आईच्या ट्रंकेत सापडला, तिथेच आजोबांच्या मोडीतल्या वह्याही होत्या. मोडी वाचणारं आमच्या घरातलं शेवटचं माणूस अण्णाच. माझा सल्ला एवढाच की नोंद करायला जाताना आधार आणि पॅन दोन्ही खिशात असू द्या आणि नाव लिहून होताना समोर उभे राहा. आमचे त्या एका नावापायी चोवीस दिवस गेले.

बँकेला कळवलं त्या दिवशी चालू खातं थांबलं. ते तसंच व्हायला हवं. पण काचेवर चिकटवलेला क्यूआर त्याच खात्याचा होता, हे माझ्या ध्यानात आलं नाही. पंधरवड्यानंतर दुकान उघडलं आणि पहिल्याच गिऱ्हाइकानं मोबाइल समोर धरला. पैसे जाईनात. मग दुसऱ्याचे, तिसऱ्याचे. काउंटरवरचा तो छोटा स्पीकर, पैसे जमा झाले की बोलणारा, गप्प. अण्णांना त्याचं फार कौतुक होतं, तो बोलला की ते गिऱ्हाइकाकडे बघून हसायचे. मी ब्लेड घेऊन क्यूआरचा कागद खरवडला. तेवढ्या एका कामाला मला अर्धा तास लागला, हात चालत नव्हता.

खात्यावर आईचं नामनिर्देशन होतं, त्यामुळे शिल्लक तिच्या नावावर यायला फार त्रास झाला नाही. ज्यांचं मालकीचं दुकान आहे त्यांनी चालू खात्यावर नामनिर्देशन आहे का हे आज जाऊन बघावं. बचत खात्यावर असतं, चालू खात्यावर करायचं राहून जातं. आमचा खरा घोर वेगळाच होता. अण्णांनी घाऊक व्यापाऱ्यांना दिलेले तीन चेक अजून वटायचे होते. लातूरच्या डाळवाल्यांचा, सांगलीच्या हळदीवाल्यांचा आणि सोलापूरच्या तेलाच्या व्यापाऱ्यांचा. खातं थांबल्यावर ते परत जाणार. मी तिघांना फोन करायला बसले, बोलायची वाक्यं कागदावर लिहून घेतली होती. लातूरच्या शेठजींनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हणाले, "पोरी, तीस वर्षांत तुझ्या वडिलांचा एक चेक परत आला नाही. मी बँकेत टाकतच नाही. तू तुझं मांडून घे, मग बघू. पाडवा आलाय, तूरडाळीचे वीस कट्टे उद्या गाडीत टाकतो." बिल कुणाच्या नावानं फाडू, असं मीच विचारलं. नवीन नंबर येईपर्यंत मी माल मागवणार नव्हते. तर म्हणाले, "नंबर लवकर काढ, तोवर डाळ माझ्या गोदामात तुझ्या नावानं वेगळी राहील." गुढीपाडवा २२ मार्चला होता. नवा नंबर त्याच्या चार दिवस आधी मिळाला आणि डाळ पाडव्याच्या आदल्या रात्री उतरली. पैसे मी एप्रिलमध्ये दिले, माझ्या बचतीतून आणि थोडे दादाकडून घेऊन.

आता जीएसटीचं सविस्तर सांगते, कारण याच ठिकाणी बहुतेकांची गाडी अडते.

वारसानं धंदा पुढे चालवायचा असेल तर त्यानं स्वतःच्या पॅनवर नवी नोंदणी करायची, तीस दिवसांच्या आत. अर्जात नोंदणीचं कारण विचारतात, तिथे 'मालकाचा मृत्यू' हा पर्याय असतो, तोच निवडायचा. हे जुन्या धंद्याचं वारसानं आलेलं रूप आहे एवढं त्यातून कळतं आणि पुढचं सगळं त्यावर टेकतं. जुन्या नंबराखाली जे क्रेडिट शिल्लक असतं, म्हणजे मालावर आधीच भरलेला पण अजून वळता न झालेला कर, ते आयटीसी-०२ या अर्जानं नव्या नंबरावर आणता येतं. त्याला सीएचं प्रमाणपत्र लागतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्रम. आधी नवा नंबर, मग आयटीसी-०२, आणि त्यानंतरच जुना नंबर रद्द करण्याचा रेग-१६ अर्ज. घाईत आधी रद्दचा अर्ज टाकला तर क्रेडिट अडकतं. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं २८ मार्च २०१९ च्या ९६ क्रमांकाच्या परिपत्रकात हा क्रम दिलेला आहे. मी त्याची छापील प्रत पिशवीत घेऊन फिरत होते आणि ती दोनदा दाखवावी लागली.

माझा पहिला अर्ज परत आला. दुकानाचं वीजबिल अजून आजोबांच्या नावावर होतं. त्यांना जाऊन चव्वेचाळीस वर्षं झाली, बिल दर महिन्याला त्यांच्या नावानं येतं आणि अण्णा ते भरून कपाळाला लावून खिळ्याला अडकवायचे. नगरपालिकेची कर पावती अण्णांच्या नावावर होती, ती जोडली, आई आणि दादाची संमतिपत्रं जोडली, मग झालं.

जुन्या नंबरावर काही करायचं तर ओटीपी अण्णांच्या मोबाइलवर. वारसाला अधिकृत सही करणारा म्हणून जोडून घ्यायची सोय आहे, त्यासाठी आपल्या हद्दीच्या अधिकाऱ्याकडे दाखला आणि वारसाचे पुरावे देऊन अर्ज करायचा. मी केला, पण तो मंजूर व्हायला वेळ लागला. त्या दिवसांत मी अण्णांचा साधा बटणांचा फोन रोज रात्री चार्जिंगला लावायचे आणि सकाळी पदराला बांधल्यासारखा बरोबर घ्यायचे. त्यावर फोन यायचे. दर दोन-तीन दिवसांनी कुणीतरी, "अण्णा, शाळू आली का यंदा मालदांडी?" प्रत्येकाला सांगावं लागायचं. कुणी लगेच फोन ठेवायचं, कुणी बराच वेळ नुसतं धरून राहायचं.

बाकीची कामं त्या मानानं सरळ होती. दहापेक्षा कमी कामगार असतील तर तेव्हा गुमास्ता परवाना लागत नव्हता, फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागायची. आमच्याकडे एक मापाडी आणि एक पोरगा, त्यामुळे ते एका दुपारी झालं. आयकराचं विवरण मृत्यूच्या तारखेपर्यंतचं अण्णांच्या नावानं, वारस म्हणून मी भरायचं, आणि पुढचं माझ्या नावानं. अन्न परवान्याचा नियम वाचला तेव्हा मी दोनदा वाचला. परवानाधारक वारला तर परवाना वारसांसाठी ९० दिवस जिवंत राहतो. बाकी सगळे कागद अण्णांबरोबर संपले होते, हा एक तीन महिने थांबणार होता. त्या मुदतीत मी नवा केला.

वजनमापांचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी दर वर्षी, लोखंडी वजनांची दोन वर्षांनी. नाव बदलायचं म्हणून मी काटा आणि सगळी वजनं घेऊन गेले. वजनाच्या खालच्या भोकात शिसं भरलेलं असतं, त्यावर निरीक्षक शिक्का ठोकतात. आमचं पाच किलोचं वजन उलटं केलं तर शिसं एकावर एक शिक्क्यांनी भरून गेलेलं. अण्णांनी काटा आल्यावरही लोखंडी वजनं सोडली नाहीत. रोज सकाळी फळी उघडली की पाच किलोचं वजन काट्यावर ठेवून पाहायचे, आकडा बरोबर आला की मगच अगरबत्ती. लोकांना वाटायचं ही पूजाच आहे. पोतं रिकामं करताना तळाचे दाणे गिऱ्हाइकाच्या पिशवीत झटकायचे आणि म्हणायचे, "काटा आपला, दाणा त्यांचा."

इथपर्यंतचं सगळं कागदांचं. त्या सगळ्यावर मोठी गोष्ट निघाली ती उधारीच्या वहीची.

लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही. आडव्या घड्या पाडलेल्या, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. सीएंनी मृत्यूच्या तारखेची येणेबाकी मागितली तेव्हा मी ती पहिल्यांदा पहिल्या पानापासून वाचायला बसले. रात्री मुलं झोपल्यावर, सतरा रात्री. एकूण १८७ नावं. नुसती नावंही पुरी नव्हती. 'उपळ्याचे गुरुजी', 'गिरणीतले काका', 'पांगरीची सून', 'म्हशीवाला थोरला'. अण्णांना चेहरे माहीत होते, मला आईला विचारावं लागायचं. ६१ नावांपुढे बाकी ओढून शेवटी बारीक अक्षरात 'भ' लिहिलेलं होतं. मी ते 'भरले' असं धरलं. 'भ' सोडून येणं आलं २ लाख १८ हजार ४००. तोच आकडा मी सीएंना दिला.

एप्रिलच्या शेवटी वैराग रस्त्याचे एक शेतकरी आले. वय साठीचं. रुमालात बांधलेले पैसे काउंटरवर ठेवले. "चार हजार तीनशे. अण्णांचं." मी वही काढली, त्यांचं नाव शोधलं, पुढे 'भ' होता. म्हटलं, "काका, तुमचं भरलंय. इथे लिहिलंय." ते म्हणाले, "न्हाई बाई. पोराचं आजारपण झालं त्या वर्षाचं हाय हे. पाच वर्सं झाली. अण्णांनी एकदा बी इचारलं न्हाई." मी पुन्हा पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण बोट ठेवून म्हणाले, "असंल लिवलेलं, पर दिलं न्हाई म्या."

घरी जाऊन आईला विचारलं. तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "अगं, तो भगवंताचा भ. भगवंतार्पण."

ज्याच्याकडून यायचं नाही हे अण्णांना कळायचं, किंवा ज्याच्याकडे मागायला त्यांचा जीव धजायचा नाही, त्याच्या पानावर वर्षाच्या शेवटी, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री, ते एवढं अक्षर लिहायचे. हिशोब संपवायचे, आणि त्या माणसाला ते सांगायचे नाहीत. सांगितलं असतं तर तो पुन्हा दुकानाची पायरी चढला नसता, असं त्यांचं म्हणणं. आईला ठाऊक होतं, कारण त्या रात्री वही तिच्यासमोर असायची. अशा ६१ पानांची बेरीज मी पुन्हा केली. १ लाख २४ हजार २००. आमच्या दुकानाच्या मानानं ही रक्कम मोठी आहे. घरात पैशाची ओढाताण असतानाची वर्षंही त्यात आहेत. दादाच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आईनं बांगड्या गहाण ठेवल्या होत्या, त्या वर्षी चार 'भ' आहेत. मला त्या रात्री त्यांचा थोडा रागही आला, हे मी लपवत नाही. आईला तसं म्हटलंसुद्धा. आई म्हणाली, "बांगड्या सोडवल्या की."

मग मी ट्रंकेतल्या जुन्या वह्या काढल्या. १९७२-७३ च्या दुष्काळातली वही अण्णांच्या कोवळ्या अक्षरात आहे. लोक तेव्हा पाझर तलावावर आणि खडी फोडायला जात, सुकडी आणि बाहेरून आलेला लाल मिलो खात. वहीत नुसतं मीठ, मिरची, रॉकेल, काड्यापेटी. चार आणे, सहा आणे, ओळीनं. वसुली १९७६ पर्यंत चाललेली दिसते. पुढे १९९३ च्या ३० सप्टेंबरचं पान. मी तेव्हा आठ वर्षांची होते. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं आणि पहाटे चारला भांडी वाजली म्हणून आम्ही सगळे गल्लीत आलो होतो. दुपारी किल्लारीच्या भूकंपाचं कळलं. त्या पानावर 'धर्मादाय खाते' असं लिहून खाली पोहे सहा पोती, गूळ, पीठ, मेणबत्त्या, आणि शेवटी 'टेंपो भाडे सास्तूर'. दुकान त्यानंतर चार दिवस बंद, नोंदच नाही. अण्णा परत आले तेव्हा बोलत नव्हते, एवढं मला आठवतं.

वैरागच्या काकांचे ४ हजार ३०० मी घेतले. नको म्हणायचा मला हक्क नव्हता, ते त्यांच्या मनाचं ओझं होतं. पण गल्ल्यात टाकवेनात. आई म्हणाली, यालाही अण्णांची रीत आहे. 'भ' लागलेला माणूस कधी परत येऊन देऊन गेला, तर ते पैसे गल्ल्यात न जाता देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या डब्यात जायचे, द्वादशीसाठी.

बार्शीबाहेरच्यांसाठी सांगते. पंढरपूरला आषाढी एकादशी करून पुष्कळ लोक द्वादशीला आमच्या भगवंताच्या दर्शनाला येतात. अंबरीष राजाच्या द्वादशीच्या व्रतासाठी देव इथे धावून आला, अशी कथा आहे. त्यामुळे एकादशीचा उपवास इथे सोडायचा. जुन्या लोकांच्या सांगण्यात कुर्डुवाडीचं नाव तेव्हा बार्शी रोड होतं आणि १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाईटच्या छोट्या गाडीतून माणसं उतरायची. आजोबांच्या वेळेपासून द्वादशीला आमच्या दुकानापुढे पंगत बसते. भाकरी, वरण, भात, भोपळ्याची भाजी. अण्णा त्या दिवशी विक्री करायचे नाहीत.

येणेबाकीचं काय करायचं हे विचारायला मी वकिलांकडेही गेले. त्यांनी नीट सांगितलं. मयताचं येणं कोर्टातून वसूल करायचं तर वारसाला उत्तराधिकार प्रमाणपत्र लागतं, त्यात एकेक येणं नावानिशी लिहावं लागतं, जाहीर नोटीस निघते. शिवाय सहीशिवायची तीन वर्षांवरची उधारी कोर्टात टिकत नाही. म्हणजे १८७ माणसांची नावं मी जाहीर कागदावर लिहायची, आणि तीसुद्धा 'पांगरीची सून' अशी. मी वही मिटली आणि त्यांना चहाला घरी बोलावून आले. बँकेतले पैसे नामनिर्देशनावर मिळाले होते, घर आईच्या नावावर, त्यामुळे कोर्टाच्या पायरीची आम्हाला गरज उरली नाही. सगळ्यांचं तसं नसेल. पैसे मोठे आणि भावंडांत शंका असेल तर प्रमाणपत्र काढावंच, आणि लवकर काढावं.

मी वसुलीला कुणाकडे गेले नाही. लोक आपणहून आले. मे महिन्यात जास्त, कारण १९ मेला दोन हजारांच्या नोटा मागे घेण्याची घोषणा झाली आणि डब्यांच्या, गाडग्यांच्या तळातून त्या बाहेर आल्या. एका आजींनी दोन नोटा दिल्या, घडी मोडलेली नव्हती, हळदीचा डाग होता. त्यांचं येणं ३ हजार ७०० होतं. उरलेले परत द्यायला लागले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, पुढं माल न्हेईन." अशी ऑक्टोबरपर्यंत १ लाख ६३ हजारांची वसुली झाली. 'भ'च्या पानांवरची नऊ माणसंही येऊन गेली. कुणालाही मी 'भ'चा अर्थ सांगितला नाही. त्यांचे ३१ हजार ५०० डब्यात गेले.

२९ जूनला आषाढी होती, त्याच दिवशी बकरी ईदही होती. दुसऱ्या दिवशी पंगत झाली. अण्णांशिवायची पहिली, म्हणून करू नये असं काही नातेवाइकांचं मत होतं, सुतकाचं वर्ष आहे म्हणून. आईनं ऐकलं नाही. पहाटे चारला ती स्वतः चुलीपाशी होती. दादा पुण्याहून आला, काका आले, आमचा मापाडी त्याच्या तिन्ही पोरांना घेऊन वाढायला आला. समोरच्या अत्तरवाल्या चाचांनी ईदच्या गडबडीतही आदल्या रात्री दोन मोठी पातेली आणून ठेवली होती, दरवर्षी ठेवतात तशी. वैरागचे काका पंगतीत बसले होते. त्यांना मी वरण वाढलं. हे कुणाच्या पैशाचं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, मला होतं, आणि माझा हात थरथरत होता.

जुना नंबर रद्द झाल्याचा आदेश मे संपताना आला होता. त्यानंतर तीन महिन्यांत शेवटचं विवरण, जीएसटीआर-१०, भरायचं असतं. ते विसरू नका. आदेश आला की काम संपलं असं वाटतं आणि नंतर नोटीस येते. मी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बसले. तोवर माझं नाव जोडलं गेलं होतं, ओटीपी माझ्याच मोबाइलवर आला. अण्णांच्या फोनची आता कशालाच गरज नव्हती. येणेबाकीचा आकडा मी सीएंना आधीच दुरुस्त करून दिला होता. ६१ पानांवर काय लिहिलंय ते त्यांना सांगितलं, तर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बुडीत म्हणून दाखवावं लागेल." मी म्हटलं, दाखवा. त्यांच्या रकान्यात तोच शब्द आहे.

दिवाळीत, १२ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाला नवी वही मांडली. पहिल्या पानावर श्री लिहायला आईनं मला पुढे केलं. हिशोब आता कॉम्प्युटरवर असतो, तरी उधारी वहीतच ठेवायची हे मी ठरवलं आहे. जुन्या वहीतल्या ज्या नावांची बाकी अजून उभी होती ती आदल्या रात्री आई आणि मी एकेक करून नव्या वहीत ओढून घेतली. काही पानांपाशी थांबलो, बोललो, आणि पुढे गेलो.

अण्णांचा नंबर दुकानाच्या पाटीवर रंगवलेला आहे. रंगाऱ्याला बोलावून तो पुसून माझा टाकावा म्हणून दोनदा निरोप दिला, मग राहू दिला. फोन गल्ल्याजवळ असतो, अठ्ठावीस दिवसांनी रिचार्ज करते. परवा दुपारी वाजला. पलीकडून म्हातारा आवाज, वारा जोरात होता, शेतातून बोलत असावेत.

"अण्णा हायत का?"

"दुकानातूनच बोलतेय काका. अण्णांची मुलगी. सांगा."

थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग ते म्हणाले, "बरं. धा किलो शाळू, दोन किलो तूरडाळ आन् गुळाची एक ढेप बांधून ठिव. सांजच्याला पोरगं यील. पैशाचं सुगीला बघतो."

मी वही पुढे ओढली आणि त्यांचं गाव विचारलं.